दुसऱ्या खेपेचं रक्त

रक्तातला लाल भाग खाली बसला की वर जे उरतं ते पिवळसर असतं, गवताची काडी भिजवलेल्या पाण्यासारखं.

नाव. वय. घरातील एकूण माणसे. तंबाखू खाता का. आज सकाळपासून काही खाल्लं आहे का. सही किंवा अंगठा.

पेठच्या घाटात कांद्याचा ट्रक आडवा झाला की गाड्या पार मंचरपर्यंत तुंबतात, आणि ज्यांना कुठेच वेळेवर पोचायचं नसतं तेही हॉर्न वाजवतात.

हिरड्याची पूड जिभेवर ठेवली की तोंड आतून आकसतं. मग पाणी प्यावं. पाणी गोड लागतं.

“मंग आमचं रक्त पुसून परत देनार का?” असं एका म्हातारीने भर सभेत विचारलं होतं. सगळी शाळा हसली होती.

एक हात. दंडाला काळा दोरा, नखांत माती, शीर ठसठशीत. हाताच्या वर काही नाही.

तेजस्विनीच्या डोक्यात हे सगळं एकदमच आलं, सप्टेंबरातल्या एका दुपारी, मंचरच्या एसटी स्टँडवर. ती नारायणगावच्या गाडीची वाट पाहत उभी होती. खांद्याला पिशवी, पिशवीत प्रबंधाची बांधलेली प्रत, निळ्या पुठ्ठ्याची, वर सोनेरी अक्षरं: हिरड्याच्या अर्काचा रक्तद्रवातील प्रथिनांच्या ऑक्सिडीकरणावर होणारा परिणाम. सहा वर्षं. पुण्याला तोंडी परीक्षा होती, ती आठ दिवसांवर आली होती. ती झाली की मंचरच्या कॉलेजात दर वर्षी नव्याने मिळणारी तिची नेमणूक कायमची होणार होती, असं सगळे धरून चालले होते. पुढच्या बाकावर एक म्हातारी बसली होती, एका डोळ्याला हिरवी पट्टी, मांडीवर गाठोडं, आणि उघड्या डोळ्याने ती तेजस्विनीकडे बराच वेळ निरखून पाहत होती.

“रक्तवाल्या बाई ना तुमी?”

म्हातारीने नाव-गाव सांगितलं: डिंभ्याच्या पलीकडच्या, डोंगरातल्या वाडीची चिमाबाई. रक्त पुसून परत देणार का, असं विचारणारी हीच. डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, पट्टी बदलायला आली होती. तेजस्विनी तिच्या शेजारी बसली. कुणीतरी आपल्याला ओळखलं याचा तिला उगाच आनंद झाला, कारण वाडीतलं एकही तोंड तिला स्वतःहून ओळखता आलं नसतं. मग तिने विचारलं ते तिला ठाऊक असलेलं एकच नाव घेऊन. “रामनाथ कसा आहे?”

“माजा रामनाथ नाय ऱ्हायला, बाई. चैतात गेला. हिरड्यावरनं पडला. त्याची बायकू मोहिनी खाली येचीत व्हती, तिच्या म्होरंच पडला.”

म्हातारीने ते असं सांगितलं जसं पुष्कळांना सांगून झालं होतं. स्टँडवर कुठली तरी गाडी मागे येत होती आणि कंडक्टर बेल देत होता. तेजस्विनीला काहीतरी बोलणं भाग होतं. अशा वेळी लोक म्हणतात, किती भला माणूस होता, परवाच भेटला होता, हसून बोलला होता. तिच्याकडे रामनाथबद्दल यातलं काही नव्हतं. तिच्याकडे एक आकडा होता. रामनाथ म्हणजे नमुना क्रमांक अकरा. पंधरा दिवस हिरड्याची पूड घेतल्यावर ज्याच्या रक्तद्रवातल्या प्रथिनांना लागलेला गंज सगळ्यांत जास्त उतरला तो अकरा. चौथ्या प्रकरणातल्या आलेखात सर्वांत खाली गेलेली रेघ. तिने तेवढं एक होतं ते म्हातारीला दिलं.

“त्याचं रक्त फार चांगलं होतं, चिमाबाई. दुसऱ्या खेपेला तर सगळ्या वाडीत त्याचंच रक्त सगळ्यांत चांगलं निघालं.”

चिमाबाईने उघडा डोळा बारीक केला. “दुसऱ्या खेपंला तो कुठं व्हता? दुसऱ्या खेपंला भागू बसला व्हता. धाकला.”

“नाव तर रामनाथचं घेतलं होतं.”

“नाव रामनाथचंच. कारभारी तो ना घरचा. मानूस कोनबी जातंय.” आणि समोरची मुद्रा पाहून तिने समजूत घातल्यासारखं म्हटलं, “येकाच्याच अंगातनं दोनदा काढायचं व्हय? पैल्या टायमाला थोरल्यानं दिलं, मागनं धाकल्यानं. तुमीच म्हनला ना, घरटी एक मानूस द्या. दिला की आमी. काय कमी पडलं का?”

“बाकीच्यांनीही असंच केलं?”

“दुसऱ्याच्या घरचं मी काय सांगू, बाई. आमच्यात असंच चालतं.” तिची गाडी लागली. ती उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि पायरी चढताना मागे वळून म्हणाली, “हिरडा लागला तर सांगा. भागू झाडावर चढनार न्हाई आता, पर दुसरं कोनीतरी बघू.”

गाडी गेली. मग दुसरी आली, ती तेजस्विनीची होती, तीही गेली. घरटी एक माणूस. हे शब्द आपले आहेत हे तिला लगेच पटलं. वाडीच्या शाळेत, खडूची धूळ बसलेल्या फळ्यासमोर ती उभी होती, डिसेंबरातलं ऊन दारातून अर्ध्या खोलीपर्यंत आलेलं, आणि ती सांगत होती की लोखंडाला गंज चढतो तसा रक्तातल्या प्रथिनांनाही चढतो, आणि तुमच्या हिरड्याने तो अडतो का हे पाहायचं आहे. चोवीस पुरुष हवेत. एकाच घरातले दोघे नकोत, कारण सख्ख्यांचं रक्त सारखं वागण्याचा संभव असतो, म्हणून घरटी एक. ती हे जसं पाठ्यपुस्तकात असतं तसंच बोलली, आणि तिला नवल वाटलं होतं की एवढा अवघड मुद्दा लोकांना चटकन कळला. या मुद्द्यावर कुणी शंका काढली नाही. माना हलल्या. त्या माना कशाला हलल्या ते तिला आता, बाकावर बसल्या बसल्या, कळत होतं. वाडीत भाताच्या खाचराचा बांध घालायचा असला की पडकई करतात. आज तुझ्या खाचरावर, उद्या माझ्या. घरटी एक माणूस जातो. कोण जातो याला महत्त्व नाही, थोरल्याची पाठ दुखत असली तर धाकटा जातो, हजेरी घराची लागते, आणि एकाच माणसाला रोज जुंपलं तर लोक त्या घराला नावं ठेवतात. तिने पडकईबद्दल ऐकलं नव्हतं असं नाही. तिच्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात, ‘अभ्यासक्षेत्राची ओळख’ या शीर्षकाखाली, पडकईवर एक परिच्छेद होता. पिशवीत, मांडीवर, त्या क्षणी होता.

भागूने पूड घेतलेली नसणार. किंवा घेतली असेल, पुडी घरात आली म्हटल्यावर सगळ्यांनीच चिमूट चिमूट घेतली असेल. अकराची रेघ खाली गेली ती हिरड्याने नव्हे. भागूचं रक्त मुळातच तसं असेल एवढंच. दोन भाऊ, दोन रक्तं, आणि मधे तिने ओढलेली एक रेघ.

आणि रामनाथ त्या दिवशी कुठे होता? आजारी होता? घोडेगावला गेला होता? रानात? हे विचारायचं राहून गेलं होतं. गाडी सुटताना विचारता आलं असतं. तिला त्याचा चेहरा आठवेना. हात आठवत होता, दंडाला काळा दोरा असलेला, आणि मेल्याची बातमी ऐकल्यावर तिला जे वाईट वाटलं ते त्या हातासाठी वाटलं होतं. तो हात पहिल्या खेपेचा की दुसऱ्या खेपेचा? भागूचा असेल तर तो जिवंत आहे, आत्ता कुठेतरी गवत कापतो आहे, आणि तिला ज्याचं वाईट वाटलं तो मेलेलाच नाही. जो मेला त्याचं तिच्याकडे काहीच नाही. काहीच नाही असंही नाही, कॉलेजच्या डीप फ्रीजरमध्ये एक चिमुकली कुपी आहे, पहिल्या खेपेची, ११-अ.

शंका काढल्या: नाही. माहिती समजावून सांगितली: होय. भाषा: मराठी.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. सकाळी नवाला तिने ऋषीला तिथल्या प्रयोगशाळेत बोलावलं. ऋषी मंचरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचा, वाडीत रक्त काढायला त्यालाच नेलं होतं. तिने त्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग हसणं कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

“मॅडम, मी नाव पुकारायचो, तो ओ द्यायचा. मी शीर बघतो. तोंड कशाला बघू? तोंडातनं थोडंच काढायचंय?”

“बरोबर आहे.”

“तुम्ही होता की तिथंच.”

ती तिथेच होती. व्हरांड्यात, जनरेटरवर चालणाऱ्या फिरत्या यंत्रापाशी, पाठ खोलीकडे करून. रक्त आल्यापासून अर्ध्या तासात लाल आणि पिवळं वेगळं करावं लागतं, पिवळं बर्फात ठेवावं लागतं, नाहीतर हवेनेच ते गंजतं आणि मग माणसाचा गंज कुठला, उशिराचा कुठला, सांगता येत नाही. तिने दोन्ही खेपांना घड्याळ लावून काम केलं होतं. एकही कुपी अठ्ठावीस मिनिटांवर गेली नव्हती. याचा तिला अभिमान होता. लेबलं तिने स्वतः लिहिली, न पुसणाऱ्या शाईने, चोवीस अ आणि चोवीस ब.

पिवळ्या रक्तद्रवात माणूस सापडत नाही, पण त्याचा रक्तगट सापडतो. ए गटाच्या माणसाचा द्रव बी गटाच्या पेशींच्या गुठळ्या करतो, बी गटाचा ए गटाच्या, ओ दोन्हींच्या. एका खेपेत एक गट आणि दुसऱ्या खेपेत दुसरा निघाला तर माणूस बदलला, एवढं तरी नक्की. ऋषीचा गट ए होता, तिचा बी. दोघांनी एकमेकांच्या बोटाला टोचलं, पेशी धुऊन घेतल्या, आणि पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्या अठ्ठेचाळीस कुप्यांमधला एकेक थेंब मांडत गेले. तिचं रक्त एका परक्या माणसाच्या पिवळ्या थेंबात पडायचं, ती काडीने ढवळायची, फरशी हलवायची, आणि कधी त्यात दुधात लिंबू पिळल्यासारख्या गुठळ्या व्हायच्या, कधी ते तसंच राहायचं. तिला वाटलं, आपण या लोकांच्या इतक्या जवळ आजवर कधी गेलो नव्हतो. मग ते वाटणं तिला खोटं वाटलं. खिडकीबाहेर हायवेवर बटाट्याचे ट्रॅक्टर बाजारसमितीकडे वळत होते, ट्रॉलीवरच्या पोत्यांवर माणसं आडवी झालेली, कुठल्या ट्रॅक्टरवर कोण ते पाहायची तिला आयुष्यात कधी गरज पडली नव्हती.

तीन जुळलं. चार जुळलं. पाच फाटलं, अ एका गटाचा, ब दुसऱ्या.

साडेबारापर्यंत नऊ फाटले होते. ऋषीने यादी पुन्हा वाचली. “अकरा जुळतोय, मॅडम. दोन्ही बी. अकराचं काय बिघडलं नाय.”

“अकरा चुकल्याचं मला पक्कं माहीत आहे.”

ऋषीने यादी खाली ठेवली. जे फाटले ते नऊ बोलले होते. उरलेले पंधरा गप्प होते, आणि त्यांतला एक खोटा गप्प होता हे चिमाबाई सांगते म्हणून कळलं. चिमाबाईचा डोळा त्या आठवड्यात कापला नसता तर अकरा हा तेजस्विनीच्या आयुष्यातला सर्वांत खरा आकडा राहिला असता. तिने फरशी नळाखाली धरली. रक्त, तिचं आणि त्यांचं, गुलाबी होऊन मोरीत गेलं.

मार्गदर्शक भगवंत सरांना तिने फोनवर सांगितलं. सर पुण्यात होते, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तिला वाटलं होतं ते रागावतील.

“स्टँडवर भेटलेल्या बाईचं ऐकून विज्ञान होत नसतं, तेजस्विनी.”

“सर, नऊ जोड्यांचे रक्तगट जुळत नाहीत.”

“रक्तगट तपासणं तुझ्या मंजूर आराखड्यात आहे?”

“नाही.”

“मग तू तपासले नाहीस.” पुढे ते म्हणाले, “बाहेरचे परीक्षक माझ्या ओळखीचे आहेत. ते पद्धत विचारतील, आकडेमोड विचारतील. वाडीतल्या भावाभावांची चौकशी करणार नाहीत. परीक्षा होऊ दे. पुढे पेपरमध्ये दुरुस्ती करता येते.”

ते वाईट माणूस नव्हते. तिच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी स्वतः दोन रात्री हॉस्पिटलात काढल्या होत्या. तिला त्यांचं म्हणणं पटत नव्हतं असंही नाही, तेच तिला भीतीचं वाटलं. हिरड्याचा अर्क परीक्षानळीत प्रथिनांना वाचवतोच, ते तिसऱ्या प्रकरणात आहे, ते कुणी बदललेलं नाही. पण परीक्षानळीतलं शंभर जणांनी आधी दाखवलं होतं. नवं होतं ते माणसांतलं. नवं होतं ते चौथं प्रकरण, आणि त्यात चोवीस माणसं होती, आणि ती किती माणसं होती हे आता कुणालाच माहीत नव्हतं. चौतीस ते अठ्ठेचाळीसच्या मधे कुठेतरी.

बोरी बुद्रुकला ती रविवारी गेली. वडील, रखमाजी, शेडनेटमध्ये टोमॅटोच्या रोपांना पाणी देत होते. आई, साळुबाई, ओट्यावर लसूण सोलत होती आणि शेजारणीला सांगत होती की आता पोरगी डॉक्टर होणार, पर सुया टोचायच्या न्हाईत, तसली न्हाई, दुसरी. शेजारीण म्हणाली, “मंग काय उपेग?” आणि दोघी हसल्या. तेजस्विनी चप्पल काढून शेडनेटमध्ये गेली. आत दमट, गरम, हिरवा उजेड होता. लहानपणी ती इथे बी टोचायला बसायची, एका खळग्यात एक बी, आणि चुकून दोन पडली तर वडील ओरडायचे. तिने त्यांना सगळं सांगितलं, जेवढं सांगता येईल तेवढं सोपं करून. रखमाजी ट्रेमधली मेलेली रोपं उपटत ऐकत होते.

“म्हंजी दोन जातीचं बी येका ट्रेत पडलं.”

“हो.”

“आन तुला ठाव न्हाई कुठल्या खळग्यात कुठलं.”

“दहा खळगे माहीत आहेत. बाकीचे नाहीत.”

“मंग पीक बिगडलं, असं न्हाई.”

“नाही. पीक कुठल्या बियाचं ते सांगता येत नाही.”

रखमाजींनी नळी दुसऱ्या ओळीवर नेली. पाण्याचा आवाज बदलला. ती वाट पाहत राहिली, जसं काही तेच परीक्षक होते आणि त्यांनी निळा पुठ्ठा उघडला होता.

“आपुन आसं रोप इकत न्हाई,” ते म्हणाले. “सांगून दिलं तर गोष्ट येगळी. पर सांगितल्यावर घेतंय कोन.” मग नळी बंद करून त्यांनी विचारलं, “त्या पोराचं वय काय व्हतं?”

“कुणाचं?”

“पडला त्येचं.”

तिने ट्रेमधलं एक मेलेलं रोप उपटलं. अर्जावर होतं. वय हा दुसराच रकाना होता, आणि ते तिने स्वतः संगणकात भरलं होतं, सरासरी काढली होती, प्रमाण विचलन काढलं होतं. सरासरी तेहतीस पूर्णांक चार होती. रखमाजी पाय धुवायला गेले.

सोमवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिने विद्यापीठाला पत्र पाठवलं. पत्र पाच ओळींचं होतं. चौथ्या प्रकरणातल्या प्रत्येक क्रमांकाची दोन्ही निरीक्षणं एकाच व्यक्तीची आहेत याची खात्री देता येत नाही, चूक माझी आहे, सहभागी व्यक्तींची नाही, प्रबंध मागे घेत आहे. सरांना प्रत. सरांचा फोन आला, तिने घेतला, ते बोलत राहिले, ती होय म्हणत राहिली. तोंडी परीक्षा रद्द झाली. कॉलेजात पुढच्या जूनमध्ये तिच्या जागेवर दुसरी बाई आली, आणि ती चांगली शिकवते असं ऐकू आलं. वाटलं होतं तसं हलकं काही वाटलं नाही. उलट, आकडे गेल्यावर त्यांच्याखाली दबलेलं वर आलं, लाल खाली बसल्यावर पिवळं येतं तसं, आणि त्यात कुणाचाच चेहरा नव्हता. झोपेतून उठताना, भाजी निवडताना, गाडीत खिडकीशी बसलेली असताना तिला विनाकारण तोच प्रश्न पडे, की दुसऱ्या खेपेच्या दिवशी रामनाथ कुठे गेला असेल. वाडीला जाऊन चिमाबाईला विचारता आलं असतं. दोनदा ती डिंभ्यापर्यंत गेली. तिथून गाडी बदलावी लागते. दोन्ही वेळा ती धरणाच्या पाण्याकडे पाहत स्टँडवर बसली आणि परतीच्या गाडीने मागे आली. विचारून काय सांगणार होती, की दोन्ही खेपांना तुझा थोरलाच मला हवा होता?

कुप्या अजून फ्रीजरमध्ये आहेत. त्या टाकून द्यायचा एक ठरलेला विधी असतो, त्याला अर्ज करावा लागतो, तो तिने केला नाही.

आठ जानेवारीला, दुसऱ्या रक्ताच्या सकाळी, रामनाथ शाळेच्या दगडी गडग्यावर, व्हरांड्यापासून वीस पावलांवर, उन्हाकडे तोंड करून बसला होता. त्याने पंधराही दिवस पूड घेतली होती, आणि लागलं तर असावं म्हणून तोही उपाशी आला होता.